‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणजे नक्की काय बंद आहे?

सेतू केंद्राच्या खिडकीपाशी, रेशन दुकानातल्या पॉस मशीनसमोर, बँकेच्या काउंटरवर आपण सगळ्यांनी एक वाक्य ऐकलेलं आहे: ‘सर्व्हर डाउन आहे.’ ते ऐकलं की पुढचं काही विचारायची सोयच उरत नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस कागदांची पिशवी उचलतो आणि ‘मग उद्या येऊ का?’ एवढंच विचारतो. खरं तर त्याच्या मनात वेगळंच असतं. हा सर्व्हर आहे तरी कुठे? तो डाउन झाला म्हणजे बिघडला की कुणी बंद केला? आणि दोष खरोखर त्याचाच आहे, की याच खोलीतल्या एखाद्या वायरीचा?

हे प्रश्न अगदी रास्त आहेत. त्यांची उत्तरं कळायला संगणकाची पदवी लागत नाही, दहा-बारा शब्द नीट कळावे लागतात. हे शब्द आपण रोज ऐकतो, वापरतोही. पण कोणता शब्द कोणत्या कामाचा, हे सहसा कुणी बसून सांगत नाही. ज्याला ते माहीत असतं तो ‘सर्व्हर डाउन’वर थांबत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. या प्रकरणाचा उद्देश तेवढाच आहे.

एक उदाहरण धरून चालू. सांगोला तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला आपला सातबारा पाहायचा आहे. तो फोनवर महाभूलेखचं संकेतस्थळ उघडतो, विभाग पुणे, जिल्हा सोलापूर, तालुका, गाव निवडतो, गट नंबर टाकतो आणि बटण दाबतो. सगळं सुरळीत असेल तर दोन-चार सेकंदांत उतारा समोर येतो. या दोन-चार सेकंदांत जे जे घडतं, त्यातल्या प्रत्येक टप्प्याला एकेक नाव आहे. आपल्याला हवे असलेले शब्द म्हणजे हीच नावं.

१. ब्राउझर, गूगल आणि इंटरनेट

‘गूगलवर जा’ असं आपण सर्रास म्हणतो आणि त्यात तीन निराळ्या गोष्टी एकत्र करतो.

संकेतस्थळं उघडून दाखवणारं अॅप म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे सगळे ब्राउझर. सर्च इंजिन हे एक संकेतस्थळ असतं. जगभरातली पानं आधीच वाचून त्यांची सूची त्याने स्वतःकडे करून ठेवलेली असते आणि आपण काही विचारलं की त्या सूचीतून शोधून ते दुवे दाखवतं. गूगल, बिंग ही सर्च इंजिनं. क्रोम हा गूगल कंपनीचाच ब्राउझर असल्यामुळे गोंधळ वाढतो, एवढंच. आणि या दोन्हींच्या खाली इंटरनेट आहे. जगभरातले संगणक आणि फोन तारांनी, केबलींनी, टॉवरांनी एकमेकांना जोडलेले आहेत, ते जाळं म्हणजे इंटरनेट.

संकेतस्थळांची दुनिया, म्हणजे वेब, ही त्या जाळ्यावर चालणारी अनेक सेवांपैकी एक सेवा. ईमेल ही दुसरी, व्हॉट्सअॅप तिसरी. इंटरनेटची सुरुवात १९६९ सालची. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सगळ्यांसाठी मोफत खुली केली. भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळायला लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून.

हा फरक व्यवहारात फार कामाला येतो. सर्च इंजिन शोधून देतं, हमी देत नाही. बँकेचा मदत क्रमांक गूगलमध्ये शोधून पहिल्याच नंबरावर फोन करण्यात अनेकांची खाती रिकामी झाली आहेत. शोधाच्या यादीत सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ती पैसे भरून लावलेली जाहिरात असते. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावर असतो. तो तिथूनच घ्यावा.

२. पत्ता उजवीकडून वाचायचा

ब्राउझरच्या माथ्यावरच्या लांबट पट्टीला अॅड्रेस बार म्हणतात. संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, म्हणजे यूआरएल, तिथे दिसतो. आपल्या शेतकऱ्याच्या फोनवर तिथे ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आहे. आपण ते डावीकडून वाचतो. अर्थ मात्र उजवीकडून लावायचा असतो.

पोस्टातला माणूस पाकिटावरचा पत्ता असाच वाचतो. घर नंबर आणि आळी वर लिहिलेली असली, तरी त्याची नजर आधी सर्वात शेवटच्या पिनकोडवर जाते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिनकोडचा पहिला आकडा मोठा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हे सगळे ४ मध्ये. पुढचे आकडे क्रमाने लहान लहान प्रदेशाकडे नेतात. मोठ्याकडून लहानाकडे, हाच क्रम संकेतस्थळाच्या पत्त्यात उजवीकडून डावीकडे चालतो.

म्हणून आपल्या उदाहरणात आधी ‘इन’, म्हणजे भारत. मग ‘जीओव्ही’, म्हणजे सरकार. ही जोडी सरकारी संस्थांनाच मिळते. मग ‘महाभूमी’, ते त्या सरकारी घरातलं नाव. आणि सगळ्यात शेवटी ‘भूलेख’, ही महाभूमीची एक शाखा. या सगळ्या नावाला डोमेन म्हणतात. डोमेन संपून पहिली तिरकी रेघ आली की तिच्यापुढचं सगळं म्हणजे त्या संकेतस्थळाच्या आतली जागा. त्यावरून मालक ठरत नाही.

आता समजा व्हॉट्सअॅपवर दुवा आला: ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट सातबारा-तातडीने डॉट कॉम’. घाईत वाचणाऱ्याला सुरुवातीलाच सरकारी नाव दिसतं आणि तो निर्धास्त होतो. उजवीकडून वाचा. ‘कॉम’, म्हणजे कुणीही विकत घेऊ शकेल असा गट. त्यात ‘सातबारा-तातडीने’ हे कुणीतरी घेतलेलं नाव. त्याच्या डावीकडे त्याने काहीही लिहावं, त्याला कोण अडवणार? पत्ता खोटा आहे हे तिरक्या रेघेपर्यंतच कळलं.

याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ‘बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घ्यायला लावले. त्या गटात फक्त बँकांनाच नाव मिळतं. माझ्या मते सामान्य माणसाच्या बाजूने झालेल्या मोजक्या तांत्रिक बदलांपैकी हा एक आहे. त्याची जाहिरात मात्र पुरेशी झालेली नाही. देवनागरीत पत्ता लिहिण्याची सोयही २०१४ पासून आहे. ‘डॉट भारत’ या गटात हिंदी, कोकणी यांच्यासोबत मराठी नावंही घेता येतात.

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असतं. ब्राउझर आणि संकेतस्थळ एकमेकांशी ज्या ठरलेल्या रीतीने बोलतात ती एचटीटीपी. शेवटचा ‘एस’ सांगतो की हे बोलणं सांकेतिक रूपात चाललं आहे आणि वाटेत कुणी ऐकलं तरी त्याला ते उलगडणार नाही. पण समोरचा माणूस प्रामाणिक आहे असं मात्र तो ‘एस’ सांगत नाही. ठगसुद्धा आपल्या संकेतस्थळाला एचटीटीपीएस लावून घेतो, ते मोफत मिळतं. कुलपाचं चित्र म्हणजे भरवसा, असा समज पसरला होता म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढून टाकलं.

३. नावामागचा आकडा

यंत्रांना नावं कळत नाहीत. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीत तो ० ते २५५ मधल्या चार आकड्यांचा असतो. घरच्या राउटरचा १९२.१६८.१.१ हा आकडा काहींनी पाहिलेला असेल. असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात. २०११ मध्ये वाटपाचा मध्यवर्ती साठा संपला. म्हणून आता आयपीव्ही६ ही बऱ्याच मोठ्या आकड्यांची नवी पद्धत सोबतीने चालते.

मग ‘महाभूमी’ या नावाचा आकडा कोणता, हे फोनला कोण सांगतं? सुरुवातीच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या एकाच फाइलमध्ये होते. एलिझाबेथ फाइन्लर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ही पद्धत तुटेस्तोवर ताणली गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. त्यात ही यादी एका ठिकाणी न ठेवता जगभर वाटून दिलेली असते. फोन आधी डीएनएसला विचारतो, नावाचा आकडा मिळवतो आणि त्यानंतरच खऱ्या सर्व्हरकडे वळतो. पुष्कळदा हे काही सहस्रांश सेकंदांत उरकतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता सर्व्हर डाउनच्या प्रश्नाकडे पहिली वाट निघते. सर्व्हर धडधाकट असेल, पण डीएनएसकडून आकडाच मिळाला नाही तर? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी नेमकं असं घडलं. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम एकदम गप्प झालं आणि सहा तासांच्या आसपास गप्पच राहिलं. लोक म्हणाले, सर्व्हर बंद पडले. प्रत्यक्षात देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली, कंपनीची केंद्रं एकमेकांपासून तुटली आणि तिच्या डीएनएसपर्यंत पोहोचण्याची वाट बाकीच्या इंटरनेटवरून पुसली गेली. सर्व्हर चालू, वीज चालू, माहिती शाबूत. फक्त तिथे जायचं कसं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

४. वायफायच्या चारही रेघा भरलेल्या असून नेट का नसतं?

हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तुमचा फोन आणि घरातला राउटर यांच्यातला बिनतारी दुवा म्हणजे वायफाय. रेघा त्या दुव्याचाच जोर सांगतात. राउटरच्या पुढे काय चाललं आहे याची त्या रेघांना खबर नसते.

राउटरच्या पुढे इंटरनेट पुरवणारी कंपनी असते, तिला आयएसपी म्हणतात. तिच्यापासून घरापर्यंत आता बहुतेक ठिकाणी फायबर येते. केसासारखा बारीक काचेचा तंतू, त्यातून प्रकाशाचे ठिपके धावतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो.

फायबरच्या डब्याजवळ जाऊन त्याच्या दिव्यांकडे एकदा नीट पाहा. एका दिव्याखाली ‘पॉन’ लिहिलेलं असतं, तो हिरवा आणि स्थिर हवा. दुसऱ्याखाली ‘एलओएस’ असतं, तो सहसा बंद असतो. तो लाल लुकलुकत असेल तर कंपनीकडून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचतच नाही. कुठेतरी वायर तुटली, दुमडली, नाहीतर खोदकामात कापली गेली. अशा वेळी राउटर पाच वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. कंपनीला फोन लावून ‘एलओएस लाल आहे’ एवढं सांगितलं तरी पलीकडच्या माणसाचे चार प्रश्न वाचतात.

सेवा केंद्रात एक साधी परीक्षा करता येते. आपल्या फोनचा मोबाइल डेटा चालू करून तेच संकेतस्थळ उघडून पाहायचं. उघडलं, तर दोष केंद्राच्या जोडणीत असण्याचा संभव मोठा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ सरकारी कामं खात्याच्या खास लॉगिनवर किंवा वेगळ्या जाळ्यावर चालतात आणि लोकांसाठीचं संकेतस्थळ चालू असतानाही ती अडलेली असू शकतात. तेव्हा ही परीक्षा भांडायला वापरू नये, ‘तुमचं नेट गेलंय की लॉगिन होत नाहीये?’ एवढं विचारायला वापरावी. बहुतेक चालकांना हा प्रश्न ऐकून बरंच वाटतं.

सातबाऱ्याची मागणी देशातल्या देशात फिरते. परदेशी संकेतस्थळ उघडलं की ती समुद्राखालून जाते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला अशा कित्येक केबली जमिनीवर येतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट बरेच दिवस रखडत चाललं होतं.

५. पॅकेट, बिट आणि शंभर एमबीपीएसचं गणित

इंटरनेटवरून काहीही सलग जात नाही. त्याचे तुकडे होतात, साधारण दीड हजार बाइटचा एक. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. समजा उताऱ्याचं पान तीन लाख बाइटचं आहे. ३,००,००० भागिले १,५०० म्हणजे २०० पॅकेट. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, शिवाय क्रमांक. पॅकेट वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतात, मागेपुढे पोहोचतात, काही हरवतातही. फोन क्रमांक पाहून ती जुळवतो आणि हरवलेली पुन्हा मागवून घेतो. या शिस्तीला टीसीपी म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी तिचा आराखडा १९७४ मध्ये प्रसिद्ध केला आणि १ जानेवारी १९८३ पासून त्या काळचं आर्पानेट हे जाळं तिच्यावर चालू लागलं.

बाइट हा शब्द आला, तर तोही समजून घेऊ. संगणकाची सर्वात लहान खूण म्हणजे बिट, ती ० किंवा १. आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. मराठीचा प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेतं. ‘सातबारा’ या शब्दात चार अक्षरं आणि तीन काने, म्हणजे सात खुणा, म्हणजे २१ बाइट. जगातल्या लिपींमधल्या अशा प्रत्येक खुणेला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं नाव युनिकोड. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चित्रविचित्र चिन्हं दिसतात, कारण तिच्यात युनिकोड नसतो. प्रत्येक फॉन्टचे क्रमांक आपापले असतात.

आता जाहिरातीतला वेग. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, मग ७०० एमबीचा चित्रपट सात सेकंदांत का उतरत नाही? कारण एमबीपीएसमधलं बी म्हणजे बिट आणि फाइलच्या एमबीतलं बी म्हणजे बाइट. १०० ला ८ ने भागा: सेकंदाला साडेबारा एमबी. ७०० भागिले साडेबारा म्हणजे ५६ सेकंद, तेही सगळं जुळून आलं तर. कंपनी खोटं बोलत नाही, पण ग्राहकाला हे भागिले आठ कुणी समजावूनही सांगत नाही, आणि ते सांगायला हवं.

६. अखेर सर्व्हर

सर्व्हर हा संगणकच असतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये असतं तेच त्यात असतं: हिशेब करणारा प्रोसेसर, चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी रॅम आणि कायमचा साठा, म्हणजे स्टोरेज. वीज गेली की रॅममधलं पुसलं जातं, स्टोरेजमधलं राहतं. फोनवर ‘स्टोरेज फुल’ आलं तर फोटो-व्हिडिओ काढून टाकावे लागतात. फोन अडखळतो, एका अॅपमधून दुसऱ्यात जाऊन परतलं की पहिलं अॅप सुरुवातीपासून उघडतं, तेव्हा बहुधा रॅम अपुरी पडत असते. या दोन तक्रारींवर एकच औषध चालत नाही.

सर्व्हरचं वेगळेपण त्याच्या कामात आहे. तो चोवीस तास मागण्यांची वाट पाहतो आणि आली की उत्तर देतो. असे हजारो संगणक ज्या इमारतीत थंड हवेत, अखंड विजेवर ठेवलेले असतात तिला डेटा सेंटर म्हणतात. ऐरोली, महापे, रबाळे या नवी मुंबईच्या पट्ट्यात अशी केंद्रं एकापाठोपाठ एक उभी राहिली आहेत. ‘फोटो क्लाउडवर आहेत’ म्हणजे अशाच एखाद्या इमारतीतल्या, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकावर आहेत.

सर्व्हर डाउन होणं इंटरनेटइतकंच जुनं आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाला ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द पाठवायला घेतला. एल गेलं, ओ गेलं आणि पलीकडचा संगणक कोसळला. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा जमलं.

तो एका मागणीने कोसळला. आजचे सर्व्हर गर्दीने कोसळतात. दहावीच्या निकालाचा दिवस घ्या. राज्य मंडळाची परीक्षा सुमारे पंधरा लाख मुलं देतात आणि दुपारी एकच्या ठोक्याला सगळी घरं एकदम बटण दाबतात. सोयीचे आकडे धरू: पहिल्या मिनिटात तीन लाख मागण्या, म्हणजे सेकंदाला पाच हजार. सर्व्हर सेकंदाला दोन हजार उत्तरं देऊ शकतो. पहिल्याच सेकंदाला तीन हजार मागण्या रांगेत राहिल्या, दहाव्या सेकंदाला तीस हजार. रांगेतली प्रत्येक मागणी थोडी रॅम अडवून बसते. वैतागून प्रत्येक जण रिफ्रेश दाबतो, त्याची नवी मागणी रांगेत भर घालते आणि जुनीही अजून तिथेच असते. रॅम संपते आणि सर्व्हर ज्यांना उत्तर देऊ शकला असता त्यांनाही ते देईनासा होतो. यंत्र बिघडलेलं नाही, कुणी बंद केलेलं नाही. त्याच्या ताकदीपेक्षा मागणी जास्त आहे. म्हणूनच निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरमध्ये एकाच वेळी ठेवतात. मागण्या अनेक सर्व्हरांत वाटून देण्याच्या या तजविजीला लोड बॅलन्सिंग म्हणतात. रिफ्रेश न दाबता दहा मिनिटं थांबणं हाही तिचाच भाग समजावा.

कधी सर्व्हर मुद्दाम थांबवतात. माहितीची प्रत काढून ठेवायची असते, सुरक्षेची दुरुस्ती करायची असते. त्याला मेंटेनन्स म्हणतात. ते बहुधा रात्री करतात आणि सूचना आधी लावतात.

७. पडद्यावरचा संदेश वाचा

पान उघडलं नाही की आपण ‘एरर आला’ म्हणतो आणि बंद करतो. तो संदेश वाचायला हवा, दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे तिथेच लिहिलेलं असतं.

क्रोममध्ये छोटा डायनासोर आणि ‘नो इंटरनेट’ दिसलं, तर तुमचा फोन किंवा संगणकच जाळ्याबाहेर आहे. सर्व्हरचा काही संबंध नाही. डीएनएसचा उल्लेख असलेला संदेश आला तर नावाचा आकडा मिळालेला नाही; आधी पत्त्यातलं स्पेलिंग तपासा. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे मागणी गेली, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. इथे सर्व्हरवर गर्दी असेल, नाहीतर वाटेत खोळंबा.

४०४ चा अर्थ बहुतेकांच्या समजाच्या उलट आहे. तो आकडा स्वतः सर्व्हर पाठवतो. म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, तुमची मागणी त्याला पोहोचली, फक्त मागितलेलं पान त्याच्याकडे नाही. दुवा जुना असेल, पान हलवलेलं असेल. पाचाने सुरू होणारे आकडे मात्र सर्व्हरच्या बाजूचे. ५०० म्हणजे त्याच्या आतल्या कामात चूक झाली. ५०३ म्हणजे तो सध्या सेवा देण्याच्या स्थितीत नाही. ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य सर्वात खरं असतं ते इथे.

‘सेशन एक्स्पायर्ड’ हा तर बिघाडच नाही. लॉगिन केल्यावर संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी ओळखखूण ठेवतं, तिला कुकी म्हणतात. प्रत्येक मागणीबरोबर ती परत जाते, त्यामुळे सर्व्हर तुम्हाला ओळखतो. काही मिनिटं हालचाल झाली नाही की सुरक्षेसाठी ती रद्द होते. पुन्हा लॉगिन करायचं, बस. सेवा केंद्राच्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम केलं असेल तर नुसती खिडकी बंद न करता लॉगआउट करावं, ते याच कुकीमुळे. नाहीतर पुढे बसणाऱ्याला तुमचं खातं उघडं मिळू शकतं.

आणखी एक शब्द, कॅशे. आधी पाहिलेल्या पानांचे तुकडे ब्राउझर जवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ते पुन्हा आणावे लागत नाहीत. कधी त्यामुळे जुनंच पान दिसत राहतं. ‘माझ्याकडे अजून जुनी यादी दिसतेय’ असं झालं की ब्राउझरच्या सेटिंगमधून कॅशे पुसून पाहावी.

८. पैसे कापले गेले आणि पोहोचले नाहीत

आता सातबारा सोडून पैशांचं उदाहरण घेऊ. समजा, यूपीआयने दुकानदाराला पाचशे रुपये पाठवले. आपल्या खात्यातून कमी झाले, त्याच्याकडे आले नाहीत आणि पडद्यावर ‘प्रोसेसिंग’ फिरतंय. इथे एक सर्व्हर नाही, अनेक आहेत: अॅपचा, तुमच्या बँकेचा, मधला एनपीसीआयचा (यूपीआय चालवणारी संस्था), दुकानदाराच्या बँकेचा. मागणी अॅपकडून एनपीसीआयकडे जाते, तिथून तुमच्या बँकेकडे. बँक पैसे वजा करते आणि मग एनपीसीआय दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगतं. वजा झाल्यानंतर आणि जमा होण्याआधी शेवटच्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर ही स्थिती येते. पैसे हवेत विरत नाहीत, नोंद अर्धवट राहते आणि नंतर बँका हिशेब जुळवून ती पूर्ण तरी करतात किंवा उलटवतात.

म्हणून घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये. आधी अॅपच्या हिस्टरीत ‘पेंडिंग’ आहे की ‘फेल्ड’ ते पाहावं. पेंडिंग असेल तर पहिलाही व्यवहार पुढे जाऊ शकतो आणि पाचशेचे हजार होतात. तिथेच व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक दिसतो. तक्रार करताना तारीख, रक्कम आणि हा क्रमांक, एवढं पुरतं. पिन किंवा ओटीपी तक्रारीसाठी कुणालाही लागत नाही. मागणारा माणूस बँकेचा नाही. ‘पैसे परत मिळवायला हे अॅप टाका’ म्हणून कुणी एपीके फाइल पाठवली तर ती उघडू नये. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली अशी फाइल फोनमधले मेसेज वाचून ओटीपी पळवू शकते. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते रोखता येतात, म्हणून इथे पहिला तास मोलाचा.

अर्धवट राहिलेल्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले यूपीआयचे पैसे जमा झाले नाहीत, तर ते जास्तीत जास्त व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.